टॅग पिस्टनला नको, ट्रेला लावा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत तुमचा कारखाना आहे. लष्करी वाहनांचे आणि जहाजांवरच्या यंत्रांचे हायड्रॉलिक पंप, मोटर आणि लहान गिअरबॉक्स ओव्हरहॉलसाठी, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्त करायला येतात, महिन्याला पंचवीस-तीस नग. आता ग्राहकाने नवी अट घातली आहे: महत्त्वाचा प्रत्येक सुटा भाग कुठल्या नगातून निघाला, त्याच्यावर कोणकोणत्या प्रक्रिया झाल्या आणि शेवटी तो कुठल्या नगात बसला, हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. विक्रेता सांगतो की प्रत्येक भागाला यूएचएफ टॅग (रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी ओळखीची चिप) चिकटवा, प्रत्येक दारावर तो वाचणारा रीडर बसवा, बाकीचं सॉफ्टवेअर बघेल. आणि तुम्ही विचारता की धातूवर चालणारा, धुण्यात आणि भट्टीत टिकणारा टॅग कोणता घ्यावा.

असा टॅग बाजारात मिळतो. पण तो घेऊनही तुमची अट पूर्ण होणार नाही, म्हणून आधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू.

नवीन पंप बनवताना भाग एकत्र येत जातात आणि शेवटी त्यांना एक क्रमांक मिळतो. ओव्हरहॉलमध्ये उलट घडतं. एक क्रमांक दारातून आत येतो आणि तासाभरात टेबलावर साठ-सत्तर भाग पडलेले असतात. त्यातल्या मोजक्यांवरच क्रमांक असतो. काही भाग भंगारात जातात, काही प्लेटिंगला, काही ग्राइंडिंगला, काहींच्या जागी स्टोअरमधून नवे येतात. ओळख हरवते ती या तोडणीच्या टेबलावर. दारावरचा रीडर फार तर सांगेल की अमुक टॅग वॉशिंगमधून तपासणीत गेला. तो टॅग ज्या पिस्टनला लावला तो पिस्टन कुठल्या पंपाचा होता, हे तोडणी करणाऱ्या माणसाने त्या क्षणी नोंदवलं नसेल तर जगातला कुठलाही रीडर ते नंतर शोधून देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे, पण विक्रेत्याला बहुधा नाही. यातले बरेच भाग एकेकटे नसतात. अ‍ॅक्शियल पिस्टन पंप घ्या. साधारण नऊ पिस्टन, त्यांच्या टोकाच्या स्लिपर, सिलिंडर ब्लॉक, रिटेनर प्लेट, व्हॉल्व्ह प्लेट, स्वॉश प्लेट. पिस्टन आणि त्याच्या बोअरमधली फट काही मायक्रॉनांची. ब्लॉकचा तळ आणि व्हॉल्व्ह प्लेट एकमेकांवर लॅप होऊन, म्हणजे घासून जुळून बसलेली. पंप क्रमांक चौदाचे दोन पिस्टन पंप सतरामध्ये गेले तर दोन्ही पंप टेस्ट बेंचवर केस ड्रेनची (आतून झिरपून परत जाणाऱ्या तेलाची) गळती जास्त दाखवतील, आणि मापं तर सगळी ड्रॉइंगमध्येच असतील, म्हणजे कारण शोधायला दोन दिवस. स्पूल आणि स्लीव्ह, डिझेल पंपाचा प्लंजर आणि बॅरल, क्राउन व्हील आणि पिनियन, कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप, हे सगळे जोडीनेच राहिले पाहिजेत. तेव्हा माग ठेवायचा तो संचाचा. आणि संच राहतो ट्रेमध्ये.

म्हणून माझं सरळ मत: रेडिओ टॅग ट्रेला, टोपलीला, फिक्स्चरला लावा. भागाची स्वतःची ओळख भागावर कोरलेली असू द्या, म्हणजे मूळ क्रमांक किंवा डेटा मॅट्रिक्स कोड (क्यूआरसारखा ठिपक्यांचा चौकोन). आणि या दोघांची गाठ तोडणीच्या टेबलावर बांधा.

हे काही माझ्याच डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकी लष्करानेही या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवल्या. १९९१च्या आखाती युद्धात त्यांचे हजारो कंटेनर आत काय आहे हे कळावं म्हणून बंदरावर उघडावे लागले. त्यानंतर कंटेनरवर ४३३ मेगाहर्ट्झचे बॅटरीवाले टॅग आले आणि २००४च्या धोरणाने २००५पासून पुरवठादारांच्या खोक्यांवर आणि पॅलेटवर बिनबॅटरीचे टॅग सक्तीचे होत गेले. पण यंत्राच्या, भागाच्या कायमच्या ओळखीसाठी त्यांनी २००३मध्ये वेगळं धोरण काढलं, आणि त्यात टॅग नाही. ५,००० डॉलर किंवा त्याहून महाग वस्तूवर कायमचा डेटा मॅट्रिक्स हवा, असं ते सांगतं. खोक्याला रेडिओ, वस्तूला कोरीव खूण. विक्रेते पहिली गोष्ट आवडीने सांगतात, दुसरी गाळतात.

आता भागावर टॅग का टिकत नाही ते टप्प्याटप्प्याने बघा, कारण ग्राहकाच्या बैठकीत हे तुम्हाला सांगावं लागेल.

पहिलं धुणं. पोलादी भागांचं गरम अल्कली स्नान ८० ते ९५ अंशांना चालतं. बहुतेक टॅगमधली चिप उणे ४० ते अधिक ८५ अंशांपर्यंत काम करण्यासाठी असते. चिप लगेच मरत नाही, पण चिकटपट्टीचा गोंद अल्कलीत सुटतो आणि टॅग टाकीच्या तळाशी सापडतो. मग कार्बन काढायला शॉट ब्लास्टिंग, म्हणजे बारीक गोळ्यांचा जोरदार मारा. तिथे प्लॅस्टिकचं कवच झिजतं, आणि टॅगखालची जागा न ब्लास्ट होता तशीच राहते. म्हणजे टॅग टिकला तरी काम अर्धवट.

मग भेगा तपासणं. डाय पेनेट्रंट (भेगांत शिरणारा रंगीत द्रव) टॅगच्या कडेखाली शिरतो आणि डेव्हलपर (तो रंग वर ओढणारी पांढरी भुकटी) मारल्यावर तिथून बाहेर झिरपतो. तपासनिसाला ती खोटी खूण दिसते, किंवा टॅगखालची खरी भेग दिसतच नाही. दुसरी शक्यता जास्त वाईट. कोणताही शहाणा तपासनीस टॅग काढायला लावेल, आणि काढलेला टॅग परत त्याच भागावर जाईल याची हमी कोण देणार?

त्यानंतर प्लेटिंग. उच्च ताकदीच्या पोलादावर कॅडमियम किंवा झिंक चढवलं की हायड्रोजनमुळे येणारा ठिसूळपणा घालवण्यासाठी चार तासांच्या आत भाग भट्टीत घालतात. तापमान साधारण १९० अंश, वेळ पोलादाच्या ताकदीनुसार ३ तासांपासून २३ तासांपर्यंत. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांची, पण ती दहा-वीस मिनिटांची. विक्रेत्याच्या पत्रकात ‘२०० अंश सहन करतो’ असं लिहिलेलं असतं तेव्हा किती तास आणि किती वेळा, ते विचारा. वीस मिनिटं आणि तेवीस तास यांत फरक आहे. जास्त उष्णतेत चिपच्या स्मृतीतली नोंदही हळूहळू विरते, त्यामुळे टॅग वरून धडधाकट दिसतो आणि वाचताना गप्प बसतो किंवा क्रमांक चुकीचा देतो.

आणि आपल्याकडची हवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कारखान्यात सगळं ओलसर असतं, वास्कोच्या बाजूला तर बारा महिने खारट. धातूला चिकटवलेल्या टॅगच्या कडेखाली ओल धरून राहते आणि तिथूनच पोलाद खड्डे पडत गंजायला लागतं. अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगवर स्टेनलेसच्या रिव्हेटने टॅग ठोकला तर खारट ओलीत रिव्हेटभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. शिवाय ड्रॉइंगमध्ये नसलेलं भोक लष्करी भागाला पाडायचा अधिकार तुम्हाला नाही. विमानाचा भाग असेल तर काहीही चिकटवण्याआधीसुद्धा मंजुरी लागते. तिथे सेमिलॅक आणि डीजीएक्यूए या लष्करी विमानांची मंजुरी आणि गुणवत्ता पाहणाऱ्या सरकारी संस्थांच्या वाटेने जावं लागतं, आणि ती वाट लांब आहे. दाबोळीच्या हवाई तळाशी संबंधित काम कधी मिळालं तर हे आधीच लक्षात ठेवा.

अपवाद आहेत. पूर्ण जुळवलेल्या नगाच्या बाहेरच्या हाउसिंगवर, ग्राहकाने लेखी मागितलं असेल तर, टॅग जरूर लावा. साठवणीच्या खोक्यावर लावा. टेस्ट बेंचचे अ‍ॅडॅप्टर, महागडे गेज, टॉर्क रेंच, उचलायच्या स्लिंग यांना लावा, कारण त्यांच्या कॅलिब्रेशनच्या तारखा चुकतात आणि ऑडिटमध्ये पहिला शेरा तिथेच पडतो. खरं तर कारखान्यात टॅगचा सगळ्यात लवकर दिसणारा फायदा हाच आहे, पण तो कोणी विकत नाही.

आता ट्रेसाठी टॅग. आपल्याकडे यूएचएफसाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५च्या नियमांनी परवानामुक्त झाला. ट्रान्समीटरची शक्ती १ वॅट, अँटेनातून बाहेर पडणारी ४ वॅट ईआरपी (अँटेनाने एका दिशेला एकवटलेली परिणामी शक्ती), वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झ, या मर्यादा. उपकरणाला डब्ल्यूपीसीची, म्हणजे दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची मान्यता हवी, विक्रेत्याकडून तिची प्रत मागून फाइलला लावा. ९०२ ते ९२८ हा अमेरिकी पट्टा आपल्याकडे वापरायचा नाही. त्यातला काही भाग इथे मोबाइल कंपन्यांना दिलेला आहे. स्वस्तात आयात केलेला रीडर कित्येकदा अमेरिकी पट्ट्यावर लावलेला येतो, तेव्हा चालू करण्यापूर्वी प्रदेशाची सेटिंग तपासा.

टॅगलाही हेच लागू आहे, आणि इथे बरेच जण फसतात. साधं लेबल रुंद पट्ट्यावर चालतं. धातूवर बसवायचा टॅग, विशेषतः लहान सिरॅमिकचा, अगदी अरुंद पट्ट्यात जुळवलेला असतो. एकाच मॉडेलचे युरोपी ८६६ आणि अमेरिकी ९१५ असे दोन प्रकार येतात, दिसायला सारखेच. ९१५चा घेतला तर तीन मीटरवर वाचायला हवा तो हाताएवढ्या अंतरावर कसाबसा वाचतो, आणि दोष धातूवर जातो. ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा: ८६६ मेगाहर्ट्झ, धातूवर बसवण्यासाठी.

साधं लेबल धातूला थेट चिकटवलं तर का चालत नाही? ८६६ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३५ सेंटिमीटरची. धातूला लागून त्या लहरीचं विद्युत क्षेत्र जवळजवळ शून्य होतं, आणि लेबलचा अँटेना नेमका तिथेच पडलेला असतो. वर धातूमुळे अँटेनाची जुळणीही सरकते. धातूसाठीच्या टॅगमध्ये अँटेनाखाली फायबरग्लास, सिरॅमिक किंवा फोमचा थर असतो आणि खालचा धातू अँटेनाचाच भाग म्हणून धरलेला असतो. त्यामुळे असा टॅग प्लॅस्टिकच्या क्रेटवर लावला तर उलट कमी वाचतो. क्रेट प्लॅस्टिकचे असतील तर तिथे साधं कडक कवचाचं लेबल बरं, फक्त ते भागांच्या ढिगाला टेकू नये. क्रेटच्या वरच्या कडेला बाहेरून लावा.

तुमच्या कामाला दोन प्रकारचे वाहक पुरतील. एक, धुण्याच्या टाकीत जाणारी स्टेनलेसच्या जाळीची टोपली. तिच्यावर एका बाजूला दीड-दोन मिलिमीटरची सपाट पट्टी वेल्ड करून घ्या आणि पीपीएस किंवा पीक या उष्णता सहन करणाऱ्या प्लॅस्टिकच्या कवचाचा टॅग स्टेनलेसच्या दोन स्क्रूंनी त्या पट्टीवर बसवा. नुसत्या जाळीवर तो नीट वाचणार नाही, त्याला खाली सलग धातू हवा. दोन, बेंचवरचा पोलादी ट्रे, आतमध्ये फोमचे किंवा नायलॉनचे खाचे असलेला. त्याला फायबरग्लासचा टॅग रिव्हेटने, समोरासमोरच्या दोन बाजूंना एकेक. एक बाजू भिंतीकडे असली तरी दुसरी दिसते. दोन्ही टॅग एकाच ट्रे क्रमांकाला जोडा. चिकटपट्टीवर अवलंबून राहू नका. ती तेलकट ट्रेवर पावसाळ्यात लावली तर चतुर्थीपर्यंत टिकत नाही.

चवथीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. अर्धवट तोडलेलं काम टेबलावर टाकून अर्धा कारखाना आठवडाभर घरी जातो, आणि परत आल्यावर कुठली कॅप कुठल्या रॉडची हे ज्याला तोंडपाठ होतं तो अजून गावातच असतो. पद्धत नीट बसली आहे का हे पाहायचं असेल तर सुट्टीनंतरचा पहिला दिवस बघा.

टॅगमध्ये काय लिहायचं? शक्य तितकं कमी. चिपच्या ओळख क्रमांकाची जागा बहुधा ९६ बिटांची, म्हणजे चोवीस सोळामानी (० ते ९ आणि A ते F) अंक. सुरुवातीचे काही अंक तुमच्या कारखान्याचा ठरावीक सांकेतिक आकडा, बाकी नुसता चढता क्रमांक. पंपाचा प्रकार, ग्राहक, तारीख यातलं काही टॅगमध्ये नको. सुरुवातीचे अंक ठरावीक ठेवण्याचं कारण व्यावहारिक आहे. माल घेऊन येणाऱ्या ट्रकच्या काचेवरचा फास्टॅग याच पट्ट्यावर, याच ईपीसी जेन-२ पद्धतीने (टॅग आणि रीडरच्या संभाषणाचं प्रमाणित मानक) बोलतो. आवक दाराचा रीडर तोही वाचतो. कपड्यांच्या दुकानातून आलेले टॅग कामगारांच्या शर्टात असतात, तेही. आपले ठरावीक अंक नसलेलं सगळं रीडरमध्येच गाळून टाका. चिप बनवणाऱ्याकडून येतानाच तिच्यात पक्का असलेला दुसरा अनन्य क्रमांकही डेटाबेसमध्ये नोंदवून ठेवा. ओळख क्रमांकाची नक्कल करता येते, याची सहजी करता येत नाही. लिहून झालं की ३२ बिटांचा पासवर्ड टाकून स्मृती लॉक करा. शून्याचा पासवर्ड म्हणजे पासवर्ड नाहीच.

रीडर किती आणि कुठे? चार जागा पुरतात: आवक, तोडणीचं टेबल, धुण्यानंतरची तपासणी आणि जुळणीपूर्वी किट भरायची जागा. प्रत्येक दारावर नकोच. तुमच्या शेडला पत्र्याच्या भिंती आहेत, आत मशिनं, रॅक, सगळं लोखंड. लहरी परावर्तित होऊन पलीकडच्या रांगेतल्या ट्रेलाही जाग्या करतात, आणि न हललेला ट्रे ‘तपासणीत पोचला’ अशी नोंद होते. टॅग न वाचला गेला तर लगेच लक्षात येतं. नको तो वाचला गेला तर महिन्यांनी कळतं, तेही ग्राहकाला. म्हणून टेबलावर कमी शक्तीचा, फूटभर अंतराचाच अँटेना ठेवा. रीडर ३० डीबीएमवर (शक्तीचं माप, ३० म्हणजे १ वॅट) येतो, तो २० किंवा त्याखाली आणा. शेजारच्या टेबलावर मुद्दाम एक ट्रे ठेवून तो वाचला जात नाही इथपर्यंत शक्ती उतरवत जा, मग अजून २ डीबीएम उतरवा आणि आपला ट्रे अजून वाचला जातो ना ते पाहा. आवक दाराला जास्त शक्ती लागली तर दोन्ही बाजूंना अँटेना आणि येणाऱ्या संकेताच्या ताकदीची किमान मर्यादा, दोन्ही लावा. ओल्या ट्रेकडूनही लक्ष काढू नका. पाणी ही लहर शोषतं, धुतलेली टोपली निथळायच्या आधी वाचायचा प्रयत्न करू नका.

केबलबद्दल एक ओळ. दहा मीटरची पातळ आरजी-५८ केबल या पट्ट्यात जवळपास ५ डेसिबल खाते, म्हणजे अँटेनापर्यंत तृतीयांश शक्तीच पोचते. रीडर अँटेनाजवळ ठेवा आणि नेटवर्कची तार लांब न्या.

तोडणीच्या टेबलावरचा क्रम मी असा ठेवतो. पंपाच्या नामपट्टीवरचा क्रमांक वाचायचा, फोटोसकट. रिकामा ट्रे टेबलावर आला की अँटेना त्याचा टॅग वाचतो आणि दोघांची गाठ पडते. त्याशिवाय पडद्यावर भागांची यादी उघडतच नाही. यादीप्रमाणे भाग निघत जातात, प्रत्येकाची खाच ठरलेली. क्रमांक किंवा कोड असलेला भाग हँडस्कॅनरने वाचायचा, बाकीचे नुसते खुणावायचे. जोडीचे भाग एकाच खाचेत. एखादा भाग आलाच नसेल तर ‘मिळाला नाही’ असं तिथल्या तिथे, कारण नंतर तो तुमच्याकडे हरवला असं धरलं जातं. यादी पूर्ण झाल्याशिवाय ट्रे सोडता येऊ नये, हा एकच नियम सॉफ्टवेअरमध्ये कडक असू द्या. बाकीचे सैल असले तरी चालतील. ट्रेमधून टोपलीत आणि टोपलीतून परत ट्रेमध्ये भाग जातात तेव्हा दोन्ही टॅग एकामागोमाग वाचून हस्तांतर नोंदवा. एका टोपलीत दोन पंपांचे भाग धुवायचा मोह होईल. होऊ देऊ नका, लहान टोपल्या जास्त घ्या.

तपासणीत प्रत्येक भागाचा निकाल तीनपैकी एक: वापरण्याजोगा, दुरुस्तीनंतर वापरण्याजोगा, बाद. बाद भागाची नोंद ट्रेमधून निघते, पण पंपाच्या इतिहासातून निघत नाही. त्याच्या खाचेत नवा भाग येईल तेव्हा स्टोअरचा बॅच क्रमांक आणि त्याचं कन्फॉर्मन्स सर्टिफिकेट (भाग ठरल्याप्रमाणे असल्याचा दाखला) त्याच ओळीला जोडलं जावं. शेवटच्या कागदात ‘काय निघालं’ आणि ‘काय बसलं’ असे दोन रकाने शेजारीशेजारी आले की ग्राहकाची अट पूर्ण झाली. टॅगचा क्रमांक त्या कागदावर कुठे येतही नाही.

बाहेरच्या कामाचं काय? प्लेटिंग किंवा होनिंग (बोअर आतून घासून मापात आणणं) तुम्ही चोर्ला घाटातून बेळगावला पाठवत असाल तर तिथे तुमचा रीडर नाही, आणि बसवायचा हट्टही धरू नका. भाग बंद खोक्यात, खोक्याला टॅग आणि क्रमांकाचं सील, आत छापील यादी. जाताना आणि येताना दोन्हीकडे मोजणी. प्लेटिंगवाला भाग जिगवर (टांगायच्या सांगाड्यावर) टांगतो तेव्हा सगळं मिसळतं, म्हणून क्रमांक नसलेल्या भागांना ठसा मारलेला लहान धातूचा बिल्ला तारेने बांधून पाठवा. बिल्ला प्लेटिंगच्या द्रावणात चालणाऱ्या धातूचा हवा, तो कुठला हे त्यालाच विचारा. भागावर रेडिओ कुठे नाही, आणि नसला तरी बिघडत नाही.

सुरक्षेच्या दोन बाबींवर तडजोड नाही. पहिली, स्फोटक काडतुसं. अग्निशमन बाटलीचं काडतूस, वैमानिकाच्या आसनाची काडतुसं, वीजेने पेटणारं काहीही जोडलेला नग चुकून तुमच्याकडे आला तर तो रीडरच्या परिसरात आणूच नका. रेडिओ लहरीने त्यांच्या तारांमध्ये प्रवाह निर्माण होऊ शकतो. ते कुठे आणि कुणी काढायचं हे ग्राहकाचा सुरक्षा अधिकारी ठरवेल. आवक तपासणीची जागा रीडरच्या आधी ठेवा. दुसरी, उघडं इलेक्ट्रॉनिक्स. ४ वॅट ईआरपीच्या अँटेनासमोर एक मीटरवर विद्युत क्षेत्र साधारण १४ व्होल्ट प्रति मीटर असतं, ३० सेंटिमीटरवर ४५च्या पुढे. औद्योगिक उपकरणांची चाचणी बहुधा १० व्होल्ट प्रति मीटरला घेतात. पंपाच्या टेस्ट बेंचचे दाब सेन्सर आणि फ्लोमीटर अँटेनाच्या तोंडासमोर असतील तर आकडे हलतील, आणि तो पंपाचा दोष समजला जाईल.

गोपनीयतेचंही बघा. बिनबॅटरीचा टॅग कुणाच्याही रीडरला उत्तर देतो. दुरुस्त झालेला नग पाठवताना, ग्राहकाने टॅग मागितला नसेल तर तुमचा एकही टॅग त्याच्यासोबत बाहेर जाता कामा नये. खोकी परत येणारी असतील तर ती तुमची, नाहीतर टॅग काढून घ्या. पाठवणीच्या यादीत ‘टॅग काढले’ असा रकाना ठेवा आणि सही घ्या. नौदलाच्या किंवा सैन्याच्या आवारात जाऊन नग उचलायचे असतील तर हँडहेल्ड रीडर, मोबाइल, पेनड्राइव्ह यांपैकी काय आत नेता येईल हे लेखी विचारा. बहुधा काहीच नाही असं उत्तर येईल. तिथे छापील यादी आणि पेनच, नोंद कारखान्यात आल्यावर.

खर्चाचा आकडा मी देत नाही, कारण तो प्रमाणावर अवलंबून आहे, पण हिशेब सोपा आहे. धातूचा टॅग साध्या लेबलच्या कैक पट महाग, उष्णता सहन करणारा त्याहून महाग. विक्रेत्याच्या पद्धतीत महिन्याला तीस पंप गुणिले साठ-सत्तर भाग, आणि त्यातले बरेच टॅग एकाच फेरीत संपणारे. ट्रेच्या पद्धतीत एका वेळी कामात असलेल्या पंपांइतके ट्रे, त्याच्या निम्म्या टोपल्या आणि थोडे राखीव. शंभर-सव्वाशे टॅगमध्ये काम होतं आणि ते वर्षानुवर्षं फिरतात.

घेण्याआधी दोन प्रकारांचे दहा-दहा नमुने मागवा. स्वतःच्या टाकीतून, स्वतःच्या ब्लास्टिंगमधून वीस वेळा फिरवा. प्रत्येक फेरीनंतर टॅग एक मीटरवर ठेवून रीडरची शक्ती एकेक डीबीएमने उतरवत तो कितीवर गप्प होतो ते लिहा. नुसतं ‘वाचतो’ किंवा ‘वाचत नाही’ यावरून काही कळत नाही. हा उंबरठ्याचा आकडा ३ डीबीएमने चढला की आतली जोडणी किंवा कवच जातंय असं समजा. नंतरही दर सहा महिन्यांनी, पावसाळ्यानंतर तर नक्कीच, हीच चाचणी घ्या.

सुरुवात एकाच प्रकारच्या पंपापासून करा, शक्यतो ज्याची आवक सगळ्यात जास्त. आणि सॉफ्टवेअरची ऑर्डर देण्यापूर्वी ग्राहकाला एक पत्र लिहा: क्रमांक नसलेल्या कुठल्या भागांवर डेटा मॅट्रिक्स कोरायला परवानगी आहे, ड्रॉइंगवर त्याची जागा कुठली, आणि पद्धत कुठली. डॉट पीन ठोके मारून खूण उमटवतं, आणि लेसरमुळे पृष्ठभागावर वितळून घट्ट झालेला पातळ थर राहतो. थकव्याचा (पुन्हापुन्हा बदलत राहणारा) ताण येणाऱ्या भागावर दोन्ही जागी भेग सुरू होऊ शकते. शाफ्टसारख्या भागांना बहुधा विद्युत-रासायनिक कोरणीच मान्य होते, आणि तिचं मशीन तिघांत स्वस्त आहे. या पत्राच्या उत्तराला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून ते आजच पाठवा. टॅगचे नमुने तोवर येऊन जातील.